‘जिंजर’चा शिंगाशी संबंध नाही

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: आलं शिंगासारखं दिसतं म्हणून संस्कृतात ‘शृंगवेर’, त्यावरून इंग्रजी ‘जिंजर’.

शब्द भारतातून गेला हे खरं. पालीत सिंगिवेर, ग्रीकमध्ये झिंगिबेरिस, लॅटिनमध्ये झिंगिबेर, मग इंग्रजी. शिंग मात्र मागाहून चिकटलं. भाषाशास्त्रज्ञ मूळ शब्द द्राविडी मानतात. माटुंग्याच्या बाजारात मातीने माखलेलं आलं निवडणाऱ्या एखाद्या तमिळ आजींना नाव विचारा, ‘इंजि’ म्हणतील. तमिळमध्येच ‘वेर्’ म्हणजे झाडाचं मूळ; दोन्ही जोडून ‘सिंगिवेर’सारखा शब्द झाला. संस्कृतने हा परका शब्द ओळखीच्या ‘शृंग’च्या साच्यात बसवला. मेसेज पुढे ढकलताना दक्षिणेचं हे देणं कृपया गाळू नका.

आपलं ‘आलं’ वेगळ्याच घरचं: ‘आर्द्रक’, म्हणजे ओलं. वाळवलं की सुंठ.