विहिरीतला पाव खानदेशात पडलाच कधी?

नाताळापासून एक मजकूर आमच्या नंदुरबार-नवापूरकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. शाळेच्या ग्रुपवर आला, पतसंस्थेच्या ग्रुपवर आला, आणि परवा माझ्या आज्याच्या थोरल्या भावाच्या नातवाने मला तो थेट पाठवला. सारांश असा : इंग्रज सरकारने खानदेशात मिशनरी पाठवले. त्यांनी विहिरीत पाव टाकून आणि दुष्काळात धान्य वाटून भोळ्या आदिवासींना बाटवले. त्यांची भाषा आणि देव मोडले. आजही परदेशी पैशावर पाड्यापाड्यांत चर्च उभी राहतात. आणि जे ख्रिस्ती झाले ते आदिवासी उरले नाहीत, म्हणून त्यांच्या सवलती बंद करा.

मी मावची या आदिवासी जमातीचा आहे, नवापूर तालुक्यातला आहे, आणि आज्यापासून आमचे घर ख्रिस्ती आहे. पाठवणारा घरचा आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी इंग्रज सरकारचे बघू. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. लोक बिथरतील आणि धंदा बुडेल, ही तिची भीती. विल्यम केरी आणि त्याचे सोबती बंगालात श्रीरामपूरला राहिले, कारण ते गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. कंपनीच्या मुलखात मिशनरी म्हणून त्यांना थारा नव्हता. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले, तर त्यांना परत जाण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी कंपनीची सनद बदलली, तेव्हा कुठे मिशनऱ्यांना परवाना घेऊन राहता येऊ लागले. खानदेश इंग्रजांकडे गेला १८१८ मध्ये. भिल्लांना काबूत आणायला त्यांनी चर्च बांधले नाही, पलटण उभारली. आउट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८२५ मध्ये धरणगावला काढलेली भिल्ल पलटण ती हीच.

आमच्या पश्चिम खानदेशात पुढे ज्यांनी मुख्यतः काम केले ते इंग्रज नव्हतेच. ते स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक. फ्रेडरिक फ्रान्सन नावाच्या, स्वीडनमध्ये जन्मून अमेरिकेत गेलेल्या माणसाने १८९० मध्ये ते मिशन अमेरिकेत सुरू केले. स्वीडन-नॉर्वेहून पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या घरांतली माणसे त्यात होती. इंग्रजी राज्याच्या सावलीचा त्यांना फायदा झाला, हे मी नाकारत नाही. गोऱ्या माणसाला कचेरीत खुर्ची मिळत होती, आमच्या आज्याला उंबऱ्याबाहेर उभे राहावे लागत होते. पण सावलीत उभे राहणे वेगळे आणि सरकारने धाडणे वेगळे.

आता पाव. ही गोष्ट वसईकडची आहे, पोर्तुगिजांच्या काळातली. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली १७३९ मध्ये. सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनचे काम सुरू झाले ते त्यानंतर दीडशे वर्षांनी. कोकणातली दंतकथा उचलून आमच्या पाड्यातल्या विहिरीत टाकली आहे, एवढेच.

आमच्या घरात विहिरीची गोष्ट आहे, पण ती उलटी आहे. आज्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा पंचांनी त्याला पाणी बंद केले. आजी पहाटे नदीत झिरा उकरून पाणी आणायची. पुढे कित्येक महिने आज्याचा थोरला भाऊ, जो कधीच ख्रिस्ती झाला नाही, रात्री विहिरीवरून दोन हंडे भरून आमच्या कुडाशी ठेवून जायचा. ज्याने मला हा मजकूर पाठवला तो त्याच भावाचा नातू आहे. त्याला ही गोष्ट कोणी सांगितली नसावी, म्हणून इथे लिहितो.

दुष्काळाचा भाग मात्र पूर्ण खोटा नाही. १८९९-१९०० चा छप्पनचा दुष्काळ खानदेशावर वाईट कोसळला. त्या काळात मिशनांनी ठिकठिकाणी अनाथ मुले सांभाळली आणि ती मुले ख्रिस्ती म्हणून वाढली. त्या लेकरांना कोणी विचारले नव्हते, आणि ही गोष्ट मला टोचते. पण ती उचलली नसती तर ती जगली असती का, हेही मजकूर लिहिणाऱ्याने सांगावे. मोठ्या माणसांचा हिशेब निराळा. पोटासाठी आलेला माणूस पाऊस पडला की परत जातो. जे राहिले ते पाणी बंद, सोयरीक बंद, पंगतीत वेगळे पान, एवढे सोसून राहिले. यात फायदा कुठला?

मग ते का राहिले? आज्या एकच कारण सांगायचा : दारू सुटली म्हणून जमीन वाचली. १८७८ च्या अबकारी कायद्याने मुंबई इलाख्यात घरची मोहाची दारू गाळणे गुन्हा झाले. जी दारू घरात फुकट होती ती ठेकेदाराच्या दुकानातून विकत घ्यावी लागली. तिथे उधारी, उधारीतून सावकार, सावकाराकडे जमीन, आणि मग आपल्याच शेतात सालदार. या चक्रातून सुटायची धडपड आमच्या लोकांनी कितीदा केली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेत देवीची चळवळ उठली आणि गावेच्या गावे दारू सोडून बसली. १९३८ च्या सुमारास तळोद्याकडे मोरवडला गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना तेच सांगितले. १९७० नंतर शहाद्यात अंबरसिंग सुरतवंतींच्या मागे लोक उभे राहिले, आणि बायांनी दारूची मडकी फोडली. आमच्या आज्याने तीच वाट येशूच्या नावाने धरली. गुलाम महाराजांकडे गेलेला माणूस शहाणा आणि येशूकडे गेलेला भोळा, असे कसे? 'भोळा' या शब्दानेच मला या मजकुराचा सर्वांत जास्त राग येतो. आदिवासी माणूस स्वतः विचार करून काही ठरवू शकतो, हे लिहिणाऱ्याला मान्यच नाही. आणि खरे सांगायचे तर काही मिशनऱ्यांनाही ते मान्य नव्हते.

भाषेचे म्हणाल, तर मिशनऱ्यांनी ती मोडली नाही, लिहून ठेवली : केरीचे मराठी व्याकरण १८०५ चे आहे. ग्रिअर्सनच्या भाषा-पाहणीचा भिल्ली आणि खानदेशी बोलींचा खंड १९०७ मध्ये निघाला. ते सरकारी काम होते, पण त्या पाहणीत बोलीबोलींचा नमुना म्हणून उधळ्या पुत्राचा बायबलातला दाखला वापरलेला आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत आजही रविवारी मराठीबरोबर मावचीतली गाणी होतात. माझ्या मुलांची मावची सुटते आहे ती इंग्रजी शाळेमुळे, पाळकांमुळे नाही.

देवांच्या बाबतीत मजकुराचे थोडे खरे आहे. मिशनऱ्यांनी आमचा ढोल, नाच, होळी, डोंगऱ्यादेव हे सगळे एकाच गाठोड्यात बांधून 'सैतानाचे' म्हणून बाहेर टाकले. त्यातले काय पूजेचे आणि काय नुसते जगण्याचे, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. लहानपणी होळीच्या रात्री ढोल ऐकू यायचा आणि आम्ही पोरे दार लावलेल्या घरात जागी असायचो. ते बरोबर नव्हते असे मी मंडळीच्या सभेत बोललो आहे, आणि इथेही बोलतो. ना. वा. तिलकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांचा अभंग आणि कीर्तन सोडले नाही. मराठी मंडळ्या ती भजने अजून गातात. तसा माणूस आमच्या डोंगरात झाला नाही, ही आमची उणीव.

परदेशी पैसा? त्यासाठी विदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या एका शाखेतच उतरतो आणि दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. आमचे देऊळ, म्हणजे चर्च, कौलांचे आहे. ते कापणीच्या सणाला आलेल्या भाताच्या आणि ज्वारीच्या पोत्यांवर चालते. मिझोराममधल्या बाया १९१० पासून प्रत्येक वेळी स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढतात आणि त्यातून प्रचारक पाठवतात. तिरुनेलवेलीच्या लोकांनी स्वतःचे मिशन काढले ते १९०३ मध्ये. आणि पाड्यापाड्यांत चर्च उगवते म्हणून संख्या फुगली असेल, तर जनगणनेत दिसायला हवी : देशात ख्रिस्ती १९५१ मध्ये २.३ टक्के, २०११ मध्ये २.३ टक्के. महाराष्ट्रात एक टक्काही नाहीत.

शेवटचा मुद्दा सवलतींचा, म्हणजे पोराबाळांच्या भवितव्याचा आहे. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट आहे; मुळात ती यादी मुख्यतः हिंदूंपुरती होती. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. अनुसूचित जमातींच्या आदेशात अशी अट नाही, कारण जमात धर्मावरून ठरत नाही. आदिवासी खासदार कार्तिक उरांव यांनी ही अट घालण्याची मागणी संसदेत जोराने लावली होती, ती मंजूर झाली नाही. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका खटल्यात सांगितले की नुसता धर्म बदलला म्हणून कोणी जमातीबाहेर जात नाही. तो जमातीच्या रीतीभातीत राहतो का, हे पाहावे लागेल. फसवून वा धाक दाखवून धर्म बदलवणे मलाही मान्य नाही, आणि १९७७ मध्ये त्याच न्यायालयाने प्रचाराचा हक्क म्हणजे धर्मांतर करवण्याचा हक्क नव्हे, असे म्हटलेच आहे. कोणी तसे करत असेल तर त्याच्यावर गुन्हा नोंदवा. माझ्या मुलीचा जमातीचा दाखला का फाडता?

महाराष्ट्राच्या यादीत आमची नोंद अशी आहे : गामित, गामटा, गावित, मावची, पाडवी. माझ्या दाखल्यावर मावची लिहिलेले आहे. ज्याने मजकूर पाठवला त्याच्याही दाखल्यावर मावचीच आहे. दोघांचेही दाखले एकाच पणजोबाच्या नोंदीवरून निघालेले आहेत.