मागे २७५ चे टायर टाकले की मस्टँग उडते म्हणे!

"१९६७-६८ च्या मस्टँगला मागे २७५ चे टायर टाका आणि चमत्कार बघा" असा एक मेसेज गाडीवेड्या मराठी ग्रुपांतून फिरतोय. (मस्टँग ही फोर्डची अमेरिकन गाडी, आणि २७५ म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी.) त्यातले दावे असे: हवा १५ पीएसआयवर (हे टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) ठेवली की पकड दुप्पट होते, जुनं सहा इंच रुंदीचं रिम चालतं, टायर घासलाच तर चाकामागे वॉशर टाका, गाडी जास्त जोरात सुटते, ब्रेकसुद्धा आपोआप सुधारतात. शेवटी नेहमीचं "खात्रीशीर माहिती, पुढे पाठवा". मी पुढे सरकले असते, पण मिशिगनमधल्या माझ्या भाच्याकडे १९६८ ची मस्टँग आहे, ३०२ घनइंची इंजिनाची, आणि त्याने विचारलं, "मावशी, हवा कमी करून बघू का?" नको रे बाबा.

हवेचंच आधी घेते. बाकीच्या बहुतेक सल्ल्यांनी पैसे जातील, याने जीव जाऊ शकतो. हे खूळ आलंय ड्रॅग रेसमधून. तिथे मागच्या चाकांना मऊ रबराचे, नक्षी नसलेले स्लिक टायर असतात, ते आधी जाळून गरम करतात आणि कोरड्या पट्टीवर जेमतेम ४०० मीटर सरळ पळवतात. त्यांच्यात हवा कमी ठेवतात, हे खरं. पण रस्त्यावरच्या रेडियल टायरला तोच न्याय लावणं म्हणजे कुस्तीचा लंगोट लावून ऑफिसला जाणं.

पाऊस पडला की काय होतं ते नासाने १९६३ मध्येच लिहून ठेवलंय. होर्न आणि ड्रेहर या दोघांचा तो अहवाल विमानांच्या टायरवरून निघाला, पण त्यातला हिशेब गाडीलाही ढोबळमानाने लागू पडतो. रस्त्यावर पाण्याचा थर असेल, तर टायर कोणत्या वेगाला जमीन सोडून पाण्यावर तरंगायला लागतो? टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा आणि त्याला १०.३५ ने गुणा. उत्तर ताशी मैलांत येतं. ३० पीएसआयला ते साधारण ५७ मैल. १५ पीएसआयला ४०. मिशिगनमधल्या आय-७५ महामार्गावर सगळे ताशी सत्तर मैलांनी जात असतात. म्हणजे हा मेसेज पाळणारा माणूस पावसात चाळिशीतच मागची दोन चाकं पाण्यावर सोडून देणार, तेही मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत. मागचा भाग एकदा सुटला की स्टिअरिंग हातात असून काय उपयोग? रुंद टायरला समोरून जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, ती भर वेगळीच.

पकड दुप्पट हेही थोतांड. या गाडीच्या एका मागच्या चाकावर साधारण ३०० किलो भार येतो. हवा ३० पीएसआय असेल तर जमिनीला टेकणारा भाग १४० चौरस सेंटिमीटरच्या आसपास राहतो, टायर २२५ चा असो की २७५ चा. बदलतो तो आकार: रुंद टायरचा भाग आडवा आणि आखूड होतो. त्याने वळणावर थोडा फायदा होतो आणि रबर उष्णता जास्त सोसतं, एवढं मी कुरकुरत मान्य करते. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत इंजिन दांडगं आणि टायर किरकोळ होते, हेही खरंच. १९७० ची शेव्हरोलेची शेव्हेल घ्या, ४५४ घनइंची इंजिनाची: सर्वात ताकदवान आवृत्तीत कागदोपत्री ४५० अश्वशक्ती, आणि खाली १४ इंच व्यासाची चाकं. तेव्हा थोडे रुंद टायर टाकायला माझी ना नाही.

वॉशर! हे लिहिणाऱ्याने चाक कधी स्वतः बसवलंय का? चाकाचा भार स्टडवर, म्हणजे ज्या बोल्टांवर नट आवळतात त्यांच्यावर, नसतो. नट आवळल्यावर रिमचा सपाट भाग ब्रेकच्या ड्रमवर घट्ट दाबला जातो आणि त्या दाबावर चाक टिकतं. मध्ये वॉशर सारले की रिम चार-पाच ठिपक्यांवर टेकतं, नटाला आटे कमी मिळतात, आणि मग स्टड एकेक करून तुटतात.

सहा इंची रिमवर २७५/६० (६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत) बसवायला टायर बनवणारेच परवानगी देत नाहीत. त्याला साडेसात इंच तरी लागतात. अरुंद रिमवर टायर मधून फुगतो, मधलंच रबर झिजतं आणि बाजू डुलतात.

जोरात सुटण्याबद्दल तर उलटंच आहे. २२५/६०-१५ ची (शेवटचे १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत) उंची ६५१ मिलिमीटर, २७५/६०-१५ ची ७११. एवढं मोठं चाक लावलं की मागच्या आसातला ३.०० चा गिअर २.७५ सारखा वागतो, म्हणजे गाडी सुस्तावते. स्पीडोमीटर साठ मैल दाखवताना गाडी पासष्टने पळत असते, पोलिसांना ते चांगलं कळतं. ब्रेकचं एका वाक्यात: ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, काम पुढची चाकं करतात, आणि या गाडीला मुळात चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे देऊन मिळायचे.

दिसायला भारी दिसतं, यावर वाद नाही. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या मेळ्याला, मागून रुंद, उचललेल्या गाड्या बघून मीही मान वळवते. पण त्यांतल्या बऱ्याच गाड्यांचं मडगार्ड आतून कापलेलं असतं आणि पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आत सरकवलेले असतात. मस्टँगला आतून पाटा आणि बाहेरून मडगार्डची कड, एवढ्याच जागेत टायर बसवायचा असतो.

भाच्याला सांगितलंय ते असं: १५ बाय ७ ची रिम्स (व्यास १५, रुंदी ७ इंच), बॅकस्पेसिंग, म्हणजे रिम जिथे बसतं तिथपासून त्याच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर, सव्वाचार इंच, टायर २२५/६०. काहीजण २४५ पर्यंत जातात, पण आपली गाडी दोन्ही बाजूंनी मोजून, कारण पन्नास वर्षांत कुठे ठोकून सरळ केलीय ते कुणाला ठाऊक. हवा ३० च्या आसपास. आणि टायरमधून वाचलेल्या पैशांत आधी पुढचे डिस्क ब्रेक.