‘नंबर मागणारं ॲप खासगी कसलं?’ या प्रतिक्रियेला उत्तर

सातपूरकर, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि रात्री मूळ लेख पुन्हा उघडून बसले. तुमचा आक्षेप असा: नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यातल्या बायकांना मी सिग्नल हे निरोप पाठवायचं ॲप घ्यायला लावलं, पण खातं उघडताना सिग्नल मोबाइल नंबर मागतं. आपल्याकडे केवायसीशिवाय सिम मिळत नाही, म्हणजे नंबर दिला की नाव, पत्ता, फोटो सगळं दिल्यासारखंच. नंबर न मागणारी सेशन, सिंप्लेक्स, ब्रायर अशी ॲप्स असताना मी ‘गरीब बायकांना अर्धवट माहितीवर धोक्यात घातलं’, असं तुम्ही शेवटी लिहिलंत.

आधी चूक कबूल करते. ‘सिग्नलवर तुम्ही कोण हे कुणालाच कळत नाही’ असं वाक्य लेखात होतं. ते चुकीचं होतं, आज काढून टाकलं. बोलणं गुप्त राहणं ही एक गोष्ट आणि बोलणारा निनावी राहणं ही दुसरी. सिग्नल पहिली सांभाळतं. दुसरीची हमी देत नाही. मी दोन्ही एकाच पिशवीत भरलं आणि वाचणाऱ्याला तेच खरं वाटलं असणार.

सल्ला मात्र मागे घेत नाही. का, ते सांगते.

त्या चौदाजणी. ओव्हरटाइमचे पैसे थकले म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. आठवड्याभरात पाळी सुटताना सुपरवायझरने एकीच्या हातात छापील कागद ठेवला. ग्रुपच्या सदस्यांची यादी होती ती, आणि प्रत्येक नंबरासमोर निळ्या पेनाने नाव लिहिलेलं. तो कागद मी पाहिला आहे. एका नावाखाली तर दोन रेघा मारल्या होत्या. त्या संध्याकाळी तिघींच्या नवऱ्यांना फोन गेले.

यात कुणी एन्क्रिप्शन, म्हणजे निरोपांना लावलेलं गुप्त कुलूप, फोडलेलं नव्हतं. व्हॉट्सॲपचे निरोप एप्रिल 2016 पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून ते कुणालाच, कंपनीलाही, वाचता येत नाहीत. तेही सिग्नलचाच प्रोटोकॉल (कुलूप लावायची पद्धत) वापरून. ग्रुपमधल्याच कुणीतरी स्क्रीनशॉट काढून दिला, एवढंच घडलं. म्हणजे या बायकांना धोका होता तो नंबरांच्या उघड्या यादीचा, आणि भीती सुपरवायझरची. पोलिसांपासून किंवा सरकारपासून त्यांना लपायचं नव्हतं. उलट कामगार आयुक्तांच्या कार्यालयात स्वतःच्या नावाने अर्ज द्यायचीच त्यांची तयारी होती. फेब्रुवारी 2024 मध्ये सिग्नलने युजरनेम (नंबराऐवजी देता येणारं नाव) आणलं, तेव्हापासून ज्याच्याकडे तुमचा नंबर आधीच सेव्ह नाही त्याला तो दिसत नाही. आज त्यांच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट निघाला तर त्यात जाई, चाफा, अबोली अशी नावं दिसतील. घरी फोन लावायला त्यातून नंबर मिळणार नाही.

सेशनचा विचार मी केला नाही असं समजू नका. सिडकोतल्या एकीच्या घरी चौघींच्या फोनवर ते टाकून पाहिलं. नंबर मागत नाही, निरोप तीन टप्प्यांतून फिरवून पाठवतं, ही त्याची जमेची बाजू खरीच. पण ओळख म्हणून 66 अक्षरांची लांबलचक ओळ मिळते. ती बघून त्यांच्यातली सगळ्यात कमी बोलणारी बाई म्हणाली, “ताई, उद्या सुपरवायझरचाच माणूस असलं नाव घेऊन आत शिरला, तर आम्ही ओळखायचं कसं?” माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. निनावीपणाचा पडदा आपल्याला मिळतो तसा घुसखोरालाही मिळतो. समोरासमोर बसून क्यूआर कोड स्कॅन केले तर खात्री पटते, पण तीन पाळ्यांत वाटल्या गेलेल्या चौदाजणींना एका खोलीत बसवायचं कधी? नंबराचं बरं असतं, शंका आली की फोन करून आवाज ऐकता येतो.

आणखी एक. सिग्नलमध्ये निरोपांचं कुलूप उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या सतत बदलत राहतात, त्यामुळे आजची किल्ली चोरीला गेली तरी तिने कालचे निरोप उघडत नाहीत. सेशनने स्वतःचा प्रोटोकॉल आणला तेव्हा ही सोय सोडून दिली. म्हणजे तिथे नाव लपवताना बोलण्याच्या सुरक्षिततेत थोडी माघार घ्यावी लागली. ब्रायरची गोष्ट वेगळी. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने चौदा ॲप्सवर बंदी घातली, त्यात ब्रायर होतं, एलिमेंट आणि थ्रीमाही होती. कंत्राटावर काम करणाऱ्या बाईच्या फोनमध्ये बंदी घातलेलं ॲप मी माझ्या हाताने टाकणार नाही. तिच्याविरुद्ध वापरायला आयतं निमित्त होईल ते.

(जाता जाता टेलिग्रामबद्दल, कारण खाली बऱ्याच जणांनी विचारलंय. तिथले साधे चॅट आणि सगळे ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, फक्त ‘सीक्रेट चॅट’ असतं. त्यांना गुप्त समजून वापरू नका.)

तुमच्या आक्षेपातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला वेगळीच वाटते: मजकूर झाकला तरी कोण कुणाशी आणि कधी बोललं याची नोंद उरते. ही नोंद काय काय सांगू शकते, हे मला रामकुंडावर कळलं. वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हा गुरुजींनी आडनाव आणि मूळ गाव विचारलं, लाल फडक्यात बांधलेली नामावळीची वही काढली आणि आमचं पान उघडलं. 1958 साली आजोबा आणि त्यांचे धाकटे भाऊ एकत्र आले होते, एकाखाली एक सह्या. 1966 साली दोघेही आले, पण चार दिवसांच्या अंतराने, आपापली मुलं घेऊन. वहीत भांडणाचा एक शब्द नाही. तरी वाटणीवरून झालेला दुरावा, जो घरात आम्हाला कुणीच सांगितला नव्हता, त्या दोन तारखांतून मला तिथल्या तिथे समजला.

म्हणून ॲप निवडताना मी विचारते की यांच्या वहीत काय काय लिहिलं जातं. व्हॉट्सॲपमध्ये मजकूर कंपनीला दिसत नाही, पण कोण कुणाशी किती वेळा बोलतं हे दिसू शकतं. सिग्नलची वही जवळजवळ कोरी असते. 2016 साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) समन्सवर त्यांना एका नंबराबद्दल दोनच गोष्टी देता आल्या: खातं कधी उघडलं आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं. नंबर सिग्नलवर आहे हे कळतं, तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. तो कुणाशी बोलतो हे मात्र त्यातून कळलं नाही.

उद्या कुणी मला येऊन म्हणालं, ‘माझ्या कंपनीतला गैरव्यवहार पत्रकाराला कळवायचाय, माझं नाव कधीच बाहेर येता कामा नये’, तर मी स्वतःच्या नंबरावरचं सिग्नल सुचवणार नाही. तिथे तुमच्या यादीतलं सेशन किंवा सिंप्लेक्स घ्यायला सांगेन. ऑफिसचं वाय-फाय नको, ऑफिसचा फोन नको, आणि ज्या कागदावर फक्त तिघांच्याच सह्या आहेत त्याचा फोटो तर मुळीच नको, हेही सांगेन. हे प्रकरण लेखात नव्हतं. तुमच्यामुळे आता वेगळा भाग म्हणून जोडते आहे.

एका शब्दावर मात्र माझी हरकत आहे. त्या ‘गरीब बायका’ नव्हेत. त्यांचे कष्टाचे पैसे अडकलेत आणि ते कसे मागायचे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर सिग्नलची सेटिंग्ज पुन्हा तपासली. प्रायव्हसीत ‘फोन नंबर’ उघडलं की दोन पर्याय असतात. नंबर कुणाला दिसावा, हा पहिला. तो आपोआप ‘कुणालाही नाही’ वर असतो. दुसरा, नंबरावरून तुम्हाला कोण शोधू शकतं. तो ‘सगळे’ वर असतो, आपण बदलेपर्यंत. म्हणजे छापील कागदावरचे चौदा नंबर सुपरवायझरने एकेक करून टाकून पाहिले, तर कोण सिग्नलवर आलंय हे त्याला आजही कळेल. हा दुसरा पर्याय मी बायकांना दाखवलाच नव्हता. रविवारी सकाळच्या पाळीच्या सहाजणी सिडकोत भेटणार आहेत, त्यांचे फोन मी स्वतः बघते. उरलेल्या आठजणींना आज रात्रीच फोन करते आहे.