अर्थ काढण्याआधी चित्र पाहू नये

चित्रातलं राजकारण ओळखायचंय? मग एकच पथ्य पाळा, चित्राकडे बघू नका. बघितलं की माणूस रंग, रेषा, उजेड असल्या फालतू गोष्टींत गुंततो आणि अर्थ हातचा जातो. आधी चित्रकाराचं आडनाव विचारा. निम्मा अर्थ तिथंच निघतो. उरलेला मागचा रंग सांगतो. आपल्याकडे आभाळ निळं रंगवलं तरी खुलासा तयार ठेवलेला बरा.

हे शास्त्र मराठवाड्याला नवं नाही. (लेण्यांजवळच्या शहराचं नाव मुद्दाम टाळतोय, त्याचाही अर्थ निघतो.) अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दरबाराचं एक चित्र आहे. उंच टोप्या घातलेले परदेशी पाहुणे राजापुढे नजराणे घेऊन आलेत. १८७९ मध्ये स्थापत्याचे इतिहासकार जेम्स फर्ग्युसन यांनी ठरवलं की हा इराणचा राजा खुस्रो याचा राजदूत आणि सिंहासनावर आपला चालुक्य राजा दुसरा पुलकेशी. झालं! भिक्खूंच्या विहारात परराष्ट्र खात्याचा समारंभ. कित्येक वर्षं पुस्तकांतून हेच छापलं गेलं. पुढं कलेचे इतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी हे लेणं पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात नेऊन ठेवलं. पुलकेशी सातव्या शतकातला. म्हणजे गादीवर बसायच्या सव्वाशे वर्षं आधीच राजेसाहेब भेटी स्वीकारत होते! आता अभ्यासक त्याला जातककथेतलं, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मीच्या गोष्टीतलं, दृश्य म्हणतात. तुम्ही डगमगू नका. तारीख चुकली तर ती चित्राची अडचण, अर्थाची नव्हे.

त्याच लेण्यात बोधिसत्त्व पद्मपाणी हातात कमळ घेऊन उभा आहे. आचारसंहितेत त्याला असाच उघडा ठेवणार? २०१२ मध्ये उत्तर प्रदेशात निवडणूक आयोगाने हत्तींचे पुतळे बसपाचं चिन्ह म्हणून झाकायला लावले होते. त्या न्यायानं वेरूळच्या कैलासाच्या अंगणातले हत्तीही ताडपत्रीखाली गेले पाहिजेत. बाराशे वर्षं बिनपरवाना प्रचार चाललाय. अभयमुद्रेतल्या बुद्धांचे पंजे झाकायला तालुक्यातल्या सगळ्या ताडपत्र्या लागतील. कापूस भिजला तर भिजू द्या. घड्याळ तेवढं मला कुठल्या लेण्यात दिसलं नाही. तुम्ही शोध चालू ठेवा.

झाकण्यात कमीपणा मानू नका. २००३ मध्ये इराकविरुद्धची बाजू मांडायला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल संयुक्त राष्ट्रांत आले, तेव्हा सुरक्षा परिषदेच्या दालनाबाहेरच्या ‘गेर्निका’च्या विणलेल्या प्रतिकृतीवर निळा पडदा टाकला होता. बॉम्बखाली भरडलेल्या गावाचं पिकासोचं चित्र ते. समीक्षकांनी त्यावर ढीगभर लिहिलंय, पण त्या दिवशी चित्राचा अर्थ सगळ्यात नेमका पडदा लावणाऱ्यालाच कळला होता.

तरीही अर्थ चुकण्याची धास्ती असेल तर चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर हात बसवा. रीत लेण्यांतलीच: मोठे ते अवाढव्य, भक्त पायाशी एवढुसे. वर साहेब, मध्ये दादा, तळाला शुभेच्छुकांची पासपोर्ट फोटोंची रांग. कोण कुणाला चिकटून, यंदा कुणाचा चेहरा गायब, हे मोंढ्यात निघालेला माणूस चालत्या जीपमधून वाचतो. इथं कुणालाही कलासमीक्षक लागत नाही. फक्त तालुकाध्यक्षाचं डोकं जिल्हाध्यक्षापेक्षा बोटभरही मोठं छापू नका. ऐन वाढदिवसाला फ्लेक्स उतरवावा लागतो, आणि छपाईचं बिल दोघंही देत नाहीत.