खुलासा: ‘स्टर’ म्हणजे ‘मिक्स’च, हे खरं नाही

मुंबईत इंग्रजी शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘स्टर आणि मिक्स समानार्थी आहेत, कुठेही अदलाबदल चालते.’ चालत नाही.

मिक्स करायला किमान दोन जिन्नस लागतात. स्टरला एकही पुरतो, कारण त्यात चमचा किंवा डाव फिरवणं महत्त्वाचं. बासुंदी आटवताना दूध तळाला लागू नये म्हणून ढवळत राहतो, ते स्टर. तिथे मिक्स म्हटलंत तर समोरचा विचारेल, काय घालून? केकच्या कृतीत मैदा घातल्यावर ‘स्टर’ लिहिलेलं असेल तर चमच्याने, कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळायचं. मिक्सच समजून इलेक्ट्रिक बीटर लावला की ग्लूटेन (मैद्यातलं चिवट प्रथिन) वाढतं आणि केक चिवट होतो. ‘स्टर-फ्राय’ मात्र मोठ्या आचेवर भराभर परतणं.

मेसेजने गाळलेला अर्थ मुंबईकरांच्या रोजच्या वाचनातला आहे. इथल्या इंग्रजी पेपरात ‘टॅक्सी स्टर’ असा मथळा आला तर ते टॅक्सीवाल्यांचं आंदोलन. हा वापर खास भारतीय इंग्रजीतला. लंडनच्या वाचकाला फार तर खळबळ एवढंच कळेल. ‘स्टर अप ट्रबल’ म्हणजे काड्या घालणं. झोपलेलं मूल ‘स्टर’ झालं, म्हणजे चुळबुळलं. इथे मिक्स बसवून बघाच!

‘स्टर’ (stir) लिहिताना भूतकाळात आर दोनदा येतो: stirred. आणि ‘स्टिअर’शी गल्लत नको, ते गाडी वळवणं.