स्टिअरिंगची थरथर रस्त्यांमुळे नव्हती

सुरुवातीच्या मोटारींविषयी एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतो आहे. त्यातील दावा असा की, त्या गाड्यांचे स्टिअरिंग थरथरायचे ते कच्च्या रस्त्यांमुळे आणि चाके बॅलन्स केलेली नसल्यामुळे. कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती डावी-उजवीकडे वळते त्याचा मागे झुकलेला कल) वाढवून स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगचे फिरणे चाकांपर्यंत पोचवणारी दातेरी पेटी) आवळला की थरथर थांबे आणि पुढे रस्ते सुधारल्यावर ती आपोआप गेली, असेही त्यात म्हटले आहे. यावर विसंबून जुनी गाडी दुरुस्त करायला घेणारा माणूस नको तिथे हात घालतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

रस्त्यांचा मुद्दा कालक्रमातच बसत नाही. ‘शिमी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या थरथरीने जोर धरला तो १९२०च्या दशकात, म्हणजे अमेरिकेत आणि युरोपात रस्ते सुधारत असताना. बदलल्या होत्या त्या गाड्या. १९२३मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने कमी हवेचे, फुगीर ‘बलून’ टायर आणले आणि त्याच सुमारास पुढच्या चाकांनाही ब्रेक बसू लागले. टायर मऊ झाले, ब्रेक ड्रममुळे अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना वजन वाढले, आणि जी कंपने पूर्वी रोजच्या वेगात जाणवत नव्हती ती तिथे जाणवू लागली.

बॅलन्सचा मुद्दा अर्धाच खरा आहे. असमतोल चाक थरथर सुरू करू शकते. ती वाढत जाण्याचे कारण मात्र वेगळे आहे. सायकलचे चाक आसाच्या दोन्ही टोकांना धरून जोरात फिरवावे आणि आस एका बाजूला कलवावा: चाक हाताला हिसका देऊन भलतीकडेच वळू पाहते. सलग अ‍ॅक्सलच्या, म्हणजे पुढची दोन्ही चाके एकाच अखंड दांड्यावर बसवलेल्या गाडीत नेमके हेच घडते. डावे चाक उंचवट्यावर चढले की अख्खा अ‍ॅक्सल कलतो आणि फिरती चाके किंगपिनभोवती (चाक ज्या उभ्या खिळीवर वळते तिच्याभोवती) उजवीकडे वळू पाहतात. ती वळली की अ‍ॅक्सल पुन्हा डोलतो, आणि टाय रॉडने जोडलेली दोन्ही चाके गाडीच्या वेगातूनच ऊर्जा घेत एकदम हलत राहतात.

कॅस्टर वाढवण्याचा सल्ला तर बहुधा उलटाच पडतो. कॅस्टरमुळे चाक सरळ व्हायला मदत होते हे खरे, पण तो जास्त झाला की टायरवरचा प्रत्येक आडवा धक्का चाकाला अधिक जोराने फिरवतो. म्हणून पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) आणि अ‍ॅक्सल यांच्यामधली पाचर बदलून तो कमी करणे हाच पुष्कळदा उपाय ठरतो. बॉक्स आवळल्याने स्टिअरिंग जड होते आणि वळणानंतर परतत नाही, पण किंगपिनचे झिजलेले बुश, सैल बेअरिंग आणि बॉल जॉइंटमधला ढिलेपणा तसाच राहतो. आधी तपासायचे ते हे भाग.

राहिले ‘आपोआप’. फ्रान्समध्ये सेन्सो द लाव्हो या अभियंत्यांनी या कंपनांचे गणित मांडले; १९३०मध्ये रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये गेलेले अभियंते मॉरिस ऑली आणि त्यांचे सहकारी यांच्या कामातून १९३४च्या गाड्यांना पुढच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन मिळाले. लान्चिया लाम्ब्दा या इटालियन गाडीमध्ये तसे सस्पेन्शन १९२२पासूनच होते. एक चाक वर गेले तरी दुसरे त्याच्याबरोबर कलत नाही आणि वर गेलेले चाकही फारच थोडे कलते, त्यामुळे डोलणे आणि वळणे यांची साखळीच तुटते. सलग अ‍ॅक्सलच्या जुन्या जीपमध्ये ही साखळी अजून शाबूत आहे, आणि झिजलेल्या किंगपिनची अशी जीप आजही चांगल्या डांबरी रस्त्यावर एखाद्या सांध्यावरून जाताच स्टिअरिंग हातात थरथरवते.