संगीतकार व्हा, बसल्या जागी

अभिनंदन! तुमच्या खिशात फोन आहे, म्हणजे तुम्ही संगीतकार आहात. सुनो किंवा उडिओ, म्हणजे एआयकडून गाणं करून देणारं अ‍ॅप उघडायचं, 'जोशपूर्ण मराठी गीत, ढोलकी, तुतारी, शेवटी डोळ्यांत पाणी' एवढं टाइप करायचं आणि चहा गाळून होईपर्यंत गाणं तयार. आम्ही मूर्ख, की गुरूच्या घरी वर्षानुवर्षं सतरंज्या घालत बसलो.

मी शाळांची, संस्थांची गौरवगीतं करतो. परवा एका पतसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचं काम होतं. शब्द झाले, चाल बसली, ढोलकीवाला आणि बासरीवाला यांच्या तारखा घेतल्या, आणि अध्यक्षांचा फोन आला. "सर, आमच्या चिरंजीवांनी मोबाइलवर केलंय एक गाणं. झकास झालंय! तुम्ही फक्त नजर घाला, मात्राबित्रा काय ते बघा." मानधनाचं विचारलं, तर म्हणाले, "अहो, नुसतं बघायचंच तर आहे!" तेव्हापासून मी शहाणा झालो. ते शहाणपण आता तुम्हाला वाटतो. अर्थात फुकट.

सूचनेत रागाचं, तालाचं नाव लिहू नका. 'एनर्जेटिक' लिहा.

उच्चारांची काळजी सोडा. आमच्या त्या गीतात संस्थापकांची 'कळकळ' कलकल करते आणि सहकाराची 'चळवळ' चलवल होते. कुणी बोट ठेवलंच तर 'ग्लोबल टच' आहे म्हणून सांगा. सभासदांना ठेव वेळेवर परत मिळाली की झालं, 'ळ' गेला तरी चालतो.

पकडले जाऊ ही भीती नकोच. डीझर या गाणी ऐकवणाऱ्या ऑनलाइन कंपनीने 2025 मध्ये आठ देशांतल्या श्रोत्यांची पाहणी केली, तर 97 टक्के लोकांना यंत्राचं गाणं कुठलं आणि माणसाचं कुठलं ते ओळखता आलं नाही. त्या वर्षी आपल्याकडे रोज सुमारे 50 हजार गाणी निव्वळ यंत्रानं केलेली येत होती, असंही त्याच कंपनीचं म्हणणं. आणि ती ऐकतं कोण? त्यातलं 70 टक्क्यांपर्यंत ऐकणं तेव्हा बनावट निघालं, बॉटकडून करवून घेतलेलं! गाणारं यंत्र, ऐकणारंही यंत्र. सतरंजी घालायलासुद्धा माणूस नको.

दिवंगत गायकाचा आवाज हवा असेल तर घेऊन टाका, विचारताय कुणाला? ए. आर. रहमान यांनी 2024 मध्ये 'लाल सलाम' चित्रपटासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज यंत्राकडून घडवून घेतले, पण आधी घरच्यांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं. एवढा मोठा संगीतकार, पण व्यवहार मुळीच कळत नाही.

नामांकितांपासून मात्र जपून राहा. 2024 मध्ये अरिजित सिंग आणि 2025 मध्ये आशा भोसले मुंबई उच्च न्यायालयात गेले, आणि परवानगीशिवाय त्यांच्या आवाजाची नक्कल करायला न्यायालयानं मनाई केली. तेव्हा चोरी करायचीच तर बिननावाच्या माणसाची करा. तो कोर्टात जात नाही. वकिलाची फी त्याच्या महिन्याच्या कमाईहून जास्त असते.

असे बिननावाचे लोक आपल्याकडे ढिगानं आहेत. पन्नास-साठच्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिनवाल्यांच्या रांगा बसायच्या. त्यांत गोव्याहून आलेले कितीतरी, लहानपणी चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा ही नावं निदान जाणकारांना तरी माहीत आहेत. तिसऱ्या रांगेतल्याचं नाव ना तबकडीवर, ना पडद्यावर. वाजवलं, पाकीट घेतलं, लोकल पकडली. पुढे सिंथेसायझर आला आणि एकेक रांग उठत गेली. आता त्याच लोकांनी वाजवलेलं यंत्राला भरवून त्यांच्या नातवंडांचं काम काढून घेतलं जातंय! भरवलं नाही म्हणता? युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या बड्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी जून 2024 मध्ये अमेरिकेत सुनो आणि उडिओवर खटले भरले, तेव्हा सुनोनंच उत्तरात सांगितलं, की खुल्या इंटरनेटवर सापडणारं बऱ्या दर्जाचं जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रण आम्ही वापरलं, आणि हा वापर कायद्यात बसतो. सगळं म्हणजे सगळं. आपलं तेवढं वगळलं असेल, असं मानायला काय आधार आहे? आणि एवढं भांडून झालं काय? 2025 संपायच्या आत युनिव्हर्सलनं उडिओशी आणि वॉर्नरनं सुनोशी तह केला. कालचे फिर्यादी आज भागीदार. त्या तहात तिसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला कुठे बसलाय, कुणी दाखवेल का मला?

जाऊ द्या. उपरोध मला फार वेळ झेपत नाही.

माझा राग यंत्रावर नाही. मी स्वतः इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाज करतो. जॉन लेननच्या जुन्या कॅसेटमधून त्याचा आवाज यंत्रानं वेगळा काढून दिला, म्हणून 2023 मध्ये बीटल्सचं अर्धवट गाणं पुरं झालं. ते मी आनंदानं ऐकलं. राग तुमचा येतो. तुम्ही मांडवाला पैसे देता, फेट्यांना देता, ड्रोनवाल्याला आगाऊ देता, पुढाऱ्यांच्या फ्लेक्सला तर न मोजता देता. ढोलकीवाला समोर आला की मगच तुम्हाला काटकसर आठवते. यंत्र येण्याआधीही तुम्ही त्याला 'कार्यक्रम झाल्यावर बघू' असंच म्हणत होतात. आता सबब मिळाली, इतकंच. हात बसतो तो असल्याच बारक्या कामांवर. पतसंस्थेचं गीत, शाळेचं संमेलन, वाडीतला गणपती. कुणीही थेट मोठ्या मंचावर जाऊन बसत नाही. खालच्या पायऱ्या तुम्ही काढून घेताय आणि वर 'हल्ली पूर्वीसारखे कलाकार राहिले नाहीत' म्हणून गळा काढताय! कुठून राहतील? आणि परवडत नाही, हे तर मला सांगूच नका. फटाक्यांची माळ परवडते ना? मग वाजवणाऱ्याचे पैसे काढा खिशातून. रोख. आणि कार्यक्रमाच्या आधी.